बामाच्या डबीशेजारची दोन संत्री

बाबा,

तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं उलटून गेली आणि मी आत्ता कुठं लिहायला बसलेय. मिल्टन कीन्समधल्या मुलाच्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, नातीच्या जुन्या वहीच्या उरलेल्या कोऱ्या पानांवर. मुलगा, सूनबाई आणि नात पोहायच्या क्लासला गेलीत. शनिवारची ही दोन तासांची शांतता एरवी मला सोन्यासारखी वाटते. थालीपिठाची भाजणी भाजून घ्यावी, लायब्ररीतनं आणलेलं पुस्तक ओळीखाली बोट धरून वाचावं. आज कशातच जीव लागत नाही. दूध दोनदा उतू गेलं. खरं तर मला दुसरंच काहीतरी लिहायचंय, इंग्रजीत, चारच ओळी, आणि त्यासाठी पेन उचललं की मी ते परत खाली ठेवते. म्हणून म्हटलं, आधी बाबांना लिहू. तुमच्यापुढं खोटं बोलणं मला कधी जमलं नाही, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलेय. तेही तितकंसं खरं नाही, पण ते पुढं येईल.

बाबा, मी आफ्रिका बघून आले. हसू नका. परतवाड्याला जाताना एस.टी.त जिला ओकारी यायची ती तुमची पोर, सत्तराव्या वर्षी नऊ सीटच्या इवल्याशा विमानात बसून झांबियाच्या पार आतल्या जंगलात जाऊन आली. मुलगा म्हणाला, "आई, आयुष्यभर आजोबांचं जंगल ऐकवलंस, आता चल, तुला खरं जंगल दाखवतो." मी म्हटलं, "का रे, तुझ्या आजोबांचं काय खोटं होतं?" पण मनातून फुलले होते. सूनबाईनं कॉम्प्युटरवर याद्या केल्या. मलेरियाच्या गोळ्या, टोपी, माझ्यासाठी खाकी पँट. जन्मात पहिल्यांदा पँट घातली आणि आरशात बघितलं तर तुम्हीच उभे! तेच कपडे, तोच वाकडा डावा खांदा. सूनबाई मला म्हणाली, "अहो आई, एक प्लीज ऐका हं. फूड काहीही न्यायचं नाही. लाडू नाही, चिवडा नाही, फ्रूट नाही. कॅम्पचा रूल आहे, प्राणी येतात." मी म्हटलं, "मला सांगतेस होय? फॉरेस्ट गार्डची मुलगी आहे मी." या वाक्यावर मी आता रोज स्वतःची जीभ चावते.

तसं मी ऐकलं हो. लाडू केलेले होते ते शेजारी वाटून टाकले. घराबाहेर पडताना पिशवीत दशम्या नाहीत, तर उंबरा ओलांडल्यासारखं वाटत नाही मला, तरी नाही घेतल्या. पण मोठ्या विमानातून उतरून आम्ही एका गावात मुक्काम केला आणि सकाळी छोट्या विमानाकडं निघालो, तर रस्त्याच्या कडेला एक बाई जाळीच्या पिशवीत संत्री विकत बसलेली. आपल्याकडच्यासारखीच, हिरवट पिवळी, सैल सालीची. गाडी थांबवण्याआधी माझं नाकच थांबलं. तुम्हाला आठवतं ना? शाळेसाठी मला परतवाड्याला मावशीकडं ठेवलेलं. सुट्टी संपली की तुम्ही मला जंगलातल्या आपल्या चौकीपाशी एस.टी.त बसवायचात आणि खिशातून एक संत्रं काढून हातावर ठेवायचात. "घाट लागला की साल दाब अन् हुंगत राह्य, माय. खायचं खाली उतरल्यावर." सालीचा तो फवारा नाकात गेला की मळमळ थांबायची. औषध होतं का तुमचा हात होता, कोण जाणे. तर मी त्या बाईकडनं पिशवी घेतली, सूनबाईनं डोळे मोठे केले, मुलगा म्हणाला, "असू दे गं, विमानापुरती." आणि खरंच, त्या टिनाच्या डब्यानं हवेत दहा वेळा गटांगळ्या खाल्ल्या, सूनबाई कागदाच्या पिशवीत तोंड घालून बसली आणि मी साल हुंगत खाली हत्तीच्या वाटा बघत होते. किती ऐट वाटली तेव्हा.

विमान गवतात उतरलं. आमचा गाइड न्यायला आलेला, उंचापुरा, आवाज मात्र देवळात बोलावा तसा. पहिलं विचारलं त्यानं ते हेच. फळं आहेत का, संत्री, लिंबं? मी पिशवी पुढं केली. तो म्हणाला, इथल्या हत्तींना संत्र्याचं वेड आहे, फार लांबून वास लागतो, गाडीची दारं वाकवलीत त्यांनी एका फळासाठी. त्यानं पिशवी कॅम्पच्या माणसांना देऊन टाकली, सगळ्यांनी वाटून घ्या म्हणून. समजलं मला सगळं. माझं इंग्रजी मी टीव्हीवरून आणि नातीच्या गोष्टींच्या पुस्तकांवरून शिकलेलं, पण एवढं मला स्वच्छ कळतं. कळूनही मी पिशवी हातातून सोडण्याआधी दोन संत्री हळूच काढून ठेवली. परतीचं विमान होतं ना, बाबा. ते डोळ्यापुढून हलेना. दोन संत्री हातरुमालात, रुमाल प्लॅस्टिकच्या पिशवीत, ती पिशवी माझ्या खणाच्या बटव्यात, आणि बटव्यात बामाची डबी उघडी करून ठेवली. पिशवीला वरून बाम चोळलासुद्धा. म्हटलं, बामापुढं संत्र्याची काय टाप! हत्तीला फसवायला निघाली होती तुमची लेक, दोन बोटं बामाच्या जोरावर.

तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात ते मी तिथं रोज ऐकत होते. कॅम्प म्हणजे नदीकाठी सहा तंबू, कुंपण नाही, फोन नाही. तंबूत मी आणि नात. रोज सकाळी गाइड जमिनीवरचे ठसे दाखवायचा आणि मी पटकन सांगायची, हा ताजा, हा कालचा, हा चालता, हा पळता. नात टाळ्या वाजवायची. "माझी आजी एक्स्पर्ट आहे!" तुम्ही ठशावर काच ठेवून वरून रेघ ओढायचात, ते मी त्याला हातवारे करून समजावलं तर तो टोपी काढून हसला. आमचा तंबू आवरायला एक बाई यायची, माझ्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी लहान असेल. मला आगोगो म्हणायची. तिच्याकडं आजीला तसं म्हणतात. तिची पण नात होती, माझ्या नातीएवढी. चादरीच्या घड्या आम्ही दोघी मिळून घालायचो, दोन टोकं तिची, दोन माझी. बोलायला शब्द थोडे, पण पुरायचे. ती आत असताना मी बटव्याकडं बघायची नाही. ज्याच्या पोटात पाप, त्याचीच नजर चुकार.

तिसऱ्या दिवशी, दुपारी. जेवणं झालेली, ऊन असं की नदी पांढरी दिसतेय. नात तंबूत पडून पुस्तक वाचतेय. मला चहाची तलफ आली म्हणून मी जेवणाच्या छपराखाली आलेय. आणि गाइड एकाएकी हात वर करतो. सगळे जिथल्या तिथं. मी वळून बघते तर आमच्या तंबूपाशी हत्ती. कधी आला, पावलाचा आवाज नाही, पाचोळा वाजला नाही. एवढा नर, सुळे मातीनं लाल झालेले, आणि सोंड तंबूच्या दाराच्या फटीतून आत. आत माझी नात. बाबा, माझ्या घशात तिचं नाव आलं होतं. ओरडले असते तर हत्ती बिथरला असता, आणि कापडाच्या भिंतीचं काय घेऊन बसलात. तेव्हा मला तुमचा आवाज आला, पाणवठ्याच्या वाटेवर अस्वल दिसलं होतं तेव्हाचा. "पाय रोव. तोंड मीट. पळालीस तं मेलीस." मी पाय रोवले. तोंडात पदर कोंबायला गेले तर पदर नाही, खाकी शर्टाची कॉलर चावली. मुलाला कॅम्पच्या दोघांनी धरून ठेवलं होतं. गाइड एकटा बाजूबाजूनं पुढं सरकत हत्तीशी बोलत होता, म्हाताऱ्या माणसाला समजवावं तसं. तंबू फाटल्याचा आवाज आला. सोंड बाहेर आली, सोंडेत माझा बटवा. त्यानं तो पायाखाली दाबला, एकदाच, हलकेच, आणि सोंडेनं वेचून वेचून खाल्लं. मग निवांत वळून गेला, सोंड हलवत.

नात बाहेर आली ती चुन्यासारखी पांढरी. मला येऊन चिकटली. "आजी, तिचा नाक माझ्या पायाला टच झाला. ओला होता." सूनबाईनं तिला माझ्याकडनं ओढून घेतलं. आईच ती, मी राग कशाला धरू.

आता ऐका, इथून खरं लिहायचंय. कॅम्पची मॅनेजर आली, तिला मातीत सालीचा तुकडा सापडला. बटव्याच्या चिंध्या झालेल्या, त्यात मी खोबरेल, बाम, औषधं ठेवायची एवढंच सगळ्यांना ठाऊक, म्हणून फळ बटव्याबाहेर तंबूतच कुठंतरी पडलेलं असणार असं सगळ्यांनी धरलं. तिनं आम्हाला विचारलं, तंबूत फळ होतं का? मुलगा छाती पुढं काढून म्हणाला, नाही, माझ्या आईनं स्वतः सगळी पिशवी विमानापाशीच देऊन टाकली. सूनबाई म्हणाली, नाही. नात खाली बघत म्हणाली, "आय डोन्ट नो." मी मान हलवली. बाबा, मी नुसती मान हलवली. तोंडानं खोटं बोलले नाही, असं स्वतःला सांगायला तेवढी फट ठेवली. मग ओघानंच संशय गेला तो आवरणाऱ्या बाईवर. विमानापाशी दिलेली संत्री कॅम्पच्या माणसांनी वाटून घेतली होती, तिच्याही वाट्याला आली होती, आणि दुपारी तंबूत शेवटची तीच होती. ती सांगत होती, मी माझी तिथंच खाल्ली, आत नेली नाहीत. सांगताना माझ्याकडं बघत होती. मागायला नाही हो, नुसतं आपल्या ओळखीच्या माणसाकडं बघतो ना आपण, तसं. मी पाण्याचा पेला उचलला.

उरलेले दोन दिवस तंबू दुसऱ्या कुणी आवरला. निघताना सगळे हात हलवायला उभे होते, ती नव्हती. परतीच्या विमानात माझ्याकडं साल नव्हतं, आणि गंमत बघा, मळमळलंही नाही. माझं लक्ष पोटाकडं नव्हतंच.

आणि परवा जेवताना मुलानं कॅम्पची मेल वाचून दाखवली. त्या बाईला कामावरून बाजूला ठेवलंय, निर्णय व्हायचाय, तुमच्या कुटुंबाचं म्हणणं लेखी पाठवाल का? मुलगा म्हणाला, "रविवारी पाठवतो. टू बी फेअर, जे घडलं तेच लिहायचं." सूनबाई म्हणाली, "लिहायलाच हवं. आपल्या मुलीचा जीव गेला असता." मी उठून सगळ्यांना पाणी वाढलं.

तुम्ही म्हणाल, मग सांगून टाक ना, वाट कसली बघतेस? सांगते कसली. मी रोज तीन वाजता नातीला शाळेतून आणते. इथं गाड्यांच्या रस्त्यांपासून वेगळ्या लाल पायवाटा आहेत, त्या वाटेनं आम्ही दोघी येतो, ती दिवसभराचं सांगते, मी तिला तुमचं सांगते. तेवढंच माझं या घरातलं काम, आणि खरं म्हणाल तर या देशातलं. गेल्या वर्षी मी एकदा शेगडी चालू ठेवून तिला आणायला गेले. काही झालं नाही, कुकरची वाफच सगळीकडं, पण तेव्हाच सूनबाई हळूच म्हणाली होती, "आई, आपण आफ्टर-स्कूल क्लब बघू या का? तुम्हालाही दगदग." मुलानं वेळ मारून नेली. आता हे कळलं, की नियम माहीत असून मी तिच्या लेकीच्या उशापाशी हत्तीचं आमंत्रण ठेवलं, तर कुठली आई परत आपलं पोर हाती देईल? मीही दिलं नसतं. म्हणून परवापासून जेवण जात नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात. मी तर ती संत्री खाल्लीही नाहीत.

आणि मग सारखी तुमची ती सकाळ आठवते. मी नऊ-दहा वर्षांची. पाणवठ्यावर ठसे घ्यायला तुम्ही मला सोबत नेलेलं, तुमचा वनमजूर बरोबर. तुमचा नियम, पाणवठ्यावर खायचं नाही, टाकायचं नाही, तिथं आपण पाहुणे. दुसऱ्या दिवशी साहेबांची जीप आली आणि काठावर त्यांना संत्र्याची सालं दिसली. चौकीच्या अंगणात त्यांनी वनमजुराला उभं केलं. तो हात जोडून म्हणत होता, साहेब, मी नाही. मी चुलीपाशी, आईच्या मागं. दार अर्धं उघडं. साहेब म्हणाले, उद्यापासून येऊ नको. तेव्हा तुम्ही पुढं झालात. "साहेब, सालं माझी हायत. काल भूक लागली होती." साहेबांनी तुम्हाला सगळ्यांदेखत नको ते सुनावलं, वर कागदावर शेराही मारला. तुम्ही घरात आलात, हात धुतले, जेवायला बसलात. आईनं विचारलं, काऊन असं बोल्ले तुम्ही? तुम्ही म्हणालात, "वाढ." त्यापुढं त्या विषयाचा शब्द नाही, ना त्या दिवशी, ना पुढं कधी.

इथवर लिहिलं आणि दार वाजलं. नात पुढं आली, ओले केस, क्लोरीनचा वास, मागं ती दोघं गाडीतलं सामान काढतायत. माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसली. मी पानावर हात ठेवला, पण तिला मराठी वाचता कुठं येतं.

"आजी, कोणाला लिहिते तू?"

"माझ्या बाबांना."

"पण तो तर डेड आहे ना?"

"ते म्हणायचं गं. हो, गेलेत."

"मग पोस्ट कुठे करणार?" जरा थांबली. मग टेबलावरचे भाजणीचे दाणे बोटानं गोळा करत, माझ्याकडं न बघता म्हणाली, "ऑरेंजचं लिहिलं का त्याच्यात?"

मी पेनाला टोपण लावलं.

"पहिल्याच दिवशी मला स्मेल आला. बाम आणि ऑरेंज, मिक्स. मला वाटलं तुझा मेडिसिन आहे. मग हत्ती आली तेव्हा कळलं."

"मग सांगितलं नाहीस ते?"

"मम्मी तुला पिक-अप करू देणार नाही मग." गोळा केलेले दाणे तिनं मुठीत धरले. "मी क्लबला नाही जाणार, आजी. पण ती आंटी... ती माझ्याकडं पण बघत होती. मी तिला डोन्ट नो म्हणाले. मला पोहताना पण तेच दिसतं."

अकरा वर्षांची आहे, बाबा. परवापासून एकाच ताटात दोघी जेवतोय, दोघींच्या पोटात तेच, आणि मी मात्र समजत होते की माझ्या एकटीचंच जड झालंय. मी गप्प बसले, म्हणून ती गप्प बसली. ठसे ओळखायला मी शिकवलं तिला, आणि हेही मीच.

मी उठले. पाय रोवायची वेळ नव्हती ही, चालायची होती. मुलगा बुटांच्या नाड्या सोडत होता, सूनबाई टॉवेल मशीनमध्ये टाकत होती. उभ्याउभ्याच सांगितलं. संत्री, बटवा, बाम, सगळं. मुलगा म्हणाला, "आई, बाम?" आणि हसावं की काय असं त्याचं तोंड झालं आणि मग नाही झालं. सूनबाईनं मशीनचं दार लावलं, बटण दाबलं, मशीन फिरायला लागेपर्यंत तिकडंच बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं, आई. तुम्हाला तर सगळ्यात जास्त माहीत होतं." मी म्हटलं, "हो."

रविवारपर्यंत थांबू नका म्हटलं. मुलगा लॅपटॉप घेऊन या टेबलाशी बसला. त्यानं लिहिलं, माझ्या आईकडून नकळत राहून गेलं. मी म्हटलं, नकळत काढ. तो म्हणाला, "अगं, तेवढं चालतं." मी म्हटलं, ते काढ, आणि ‘माझ्या आईकडून’ हेही काढ, तिथं ‘मी’ असं लिही. मला नियम सांगितला होता, मला समजला होता, फळं माझी होती, त्या बाईंना यातलं काही माहीत नव्हतं. चारच ओळी. खाली माझं नाव मी एका बोटानं स्वतः टाइप केलं. मेल गेली. आता तिला कामावर परत घेतील का, मॅनेजर विश्वास ठेवेल का, का म्हणेल गोरगरिबाची कीव येऊन म्हातारी बोलतेय, काही कळत नाही. सोमवारी तीन वाजता शाळेपाशी कोण उभं असेल, तेही मी अजून विचारलेलं नाही. सूनबाई वर गेलीय. नात इथंच बसून भाजणीचे दाणे खातेय, कच्चेच.

आता हे पान घडी करून भाजणीच्या डब्याखाली ठेवेन, दुसरी जागा कुठली. पण त्याआधी एक. बाबा, तुमचे दात आंबटानं शिवशिवायचे. तुम्ही संत्रं कधी तोंडात घातलं नाहीत, हे आईला ठाऊक होतं, वनमजुराला ठाऊक होतं, बहुतेक साहेबांनाही ठाऊक असेल. पाणवठ्यावरची सालं माझी होती. सुट्टी संपून मी परत निघाले तेव्हा तुम्ही नेहमीसारखंच संत्रं माझ्या हातावर ठेवलंत, आणि मी घाटभर त्याची साल दाबली नाही, हुंगलं नाही. ओकारी झाली. ती गाडी लागल्यानं झाली, असं मी मावशीला सांगितलं होतं.